कर्नल कोसळतो एकीकडे, चूक असते दुसरीकडे: मेमरी करप्शनचा माग कसा काढायचा

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पहिल्यांदा असा कोसळला तेव्हा कॉल ट्रेसमधलं (कोणतं फंक्शन कोणी बोलावलं होतं त्या यादीतलं) सगळ्यात वरचं फंक्शन घेऊन मी दोन दिवस तेच वाचत बसले. फंक्शनमध्ये काहीही चूक नव्हती. मग तो फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये कोसळला, आठवड्याभराने नेटवर्कच्या कोडमध्ये. तिन्ही ट्रेस शेजारी शेजारी ठेवले तरी सामाईक असं काही सापडेना. खरी चूक एका ड्रायव्हरमध्ये होती आणि त्या ड्रायव्हरचं नाव तिन्हींपैकी एकाही ट्रेसमध्ये नव्हतं.

मेमरी करप्शनचं दुखणं हेच आहे. कोणीतरी नको तिथे लिहून ठेवतो आणि मिनिटाभराने किंवा तासाभराने भलताच कोणी ते वाचतो आणि पडतो. ट्रेसमध्ये दिसतो तो पडलेला. लिहिणारा केव्हाच निघून गेलेला असतो. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न धरून ठेवा: ही जागा कोणाची होती, आणि तिच्यावर शेवटचं कोणी लिहिलं? खालच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाच्या उत्तरासाठी आहेत.

लेख लिनक्स कर्नल आणि ६४ बिटांचं एक्स८६ मशीन धरून लिहिला आहे. आज्ञा, पर्याय आणि हेक्स आकडे मी देवनागरीत लिहिलेत. पडद्यावर ते रोमन अक्षरांत दिसतील.

सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा

- कोसळलेल्या कर्नलचीच, त्याच बिल्डची, डीबग माहितीसकट व्हीएमलिनक्स फाइल, म्हणजे न आवळलेला कर्नल. त्याच बिल्डची मॉड्यूलंही.
- त्या बिल्डची कॉन्फिग फाइल आणि नेमका कमिट (सोर्सच्या इतिहासातला बदल).
- केडंप (कोसळलेल्या कर्नलची मेमरी, म्हणजे डंप, फाइलमध्ये उतरवणारी सोय) चालू असलेलं मशीन आणि डंप मावेल एवढी डिस्कवर जागा.
- सीरियल कन्सोल (कर्नलचे संदेश केबलवरून दुसऱ्या मशीनला देणारा). तो नसेल तर नेटवर्कवरून तेच करणारा नेटकन्सोल.
- क्रॅश (डंप वाचायला), जीडीबी (डीबगर) आणि पाहोल (स्ट्रक्चरची मांडणी बघायला) ही तीन साधनं.
- शक्यतो तसंच दुसरं मशीन. याचा उपयोग पाचव्या पायरीत कळेल.
- एक वही. प्रत्येक वेळी कोसळल्याची तारीख, वेळ, पत्ता, रजिस्टरं आणि तेव्हा मशीनवर काय चालू होतं ते लिहून ठेवायला.

पहिल्या ओळीतच बरेच जण अडकतात. कर्नल कोसळतो, माणूस घाईने एक प्रिंट घालून पुन्हा बिल्ड करतो आणि जुनी व्हीएमलिनक्स पुसली जाते. मग हातात डंप असतो, पण तो वाचता येत नाही: क्रॅश सरळ सांगतं की फाइल आणि डंप जुळत नाहीत. प्रत्येक बिल्डला वेगळा फोल्डर द्या.

१. पहिला ऊप्स जपा

ऊप्स म्हणजे कर्नलमध्ये चूक पकडली गेल्यावर छापला जाणारा अहवाल. तो झाल्यावर कर्नल बहुतेक वेळा त्या एका प्रोसेसला मारून पुढे चालत राहतो. मेमरी बिघडलेली असताना हे घातक आहे: डिस्कवर भलतंच लिहिलं जाऊ शकतं, आणि पुढचे ऊप्स पहिल्याचे पडसाद असल्यामुळे तपासही भरकटतो. म्हणून 'पॅनिक_ऑन_ऊप्स' १ करून ठेवा. पहिल्याच ठेचेला मशीन थांबेल आणि डंप घेतला जाईल.

केडंपसाठी बूट करताना 'क्रॅशकर्नल=२५६एम' अशासारखा पर्याय देऊन थोडी मेमरी राखून ठेवावी लागते. मुख्य कर्नल पडला की या राखीव जागेत दुसरा छोटा कर्नल उठतो आणि पहिल्याची मेमरी फाइलमध्ये उतरवतो. तो खरंच उठतो का, हे आधीच बघा: सिसआरक्यू (कर्नलला थेट आज्ञा देण्याची सोय) ट्रिगरच्या फाइलमध्ये 'सी' हे अक्षर लिहिलं की कर्नल मुद्दाम कोसळतो. डंप तयार झाला की मगच खऱ्या बगची वाट बघत बसा. चार दिवस वाट पाहून बग आला आणि डंप आलाच नाही, असं होऊ देऊ नका.

पुढे सहाव्या पायरीत तुम्ही कासानवाला (मेमरीच्या चुका पकडणारं साधन घातलेला) कर्नल चालवाल. तोच कर्नल डंप घेण्यासाठी राखीव जागेत चढवला तर २५६ एमबी बऱ्याचदा पुरत नाहीत. तिथे साधा कर्नल चढवा.

२. ऊप्स ओळीओळीने वाचा

घाबरून खाली खाली सरकू नका. या चार गोष्टी बघा.

पहिली ओळ काय म्हणते? पेज फॉल्ट (नसलेल्या किंवा मनाई असलेल्या पत्त्याला हात) असेल तर पत्ता लिहिलेला असतो. 'जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, नॉन-कॅनॉनिकल पत्ता' असं असेल तर तो पत्ता प्रोसेसरच्या नियमात बसणाराच नाही. म्हणजे पॉइंटरच बिघडलेला आहे. 'लिस्ट_डेल करप्शन' असेल तर दुहेरी यादीतल्या शेजाऱ्यांचे पॉइंटर एकमेकांशी जुळत नाहीत.

'टेंटेड' ही अक्षरं. 'डी' दिसलं तर याआधी एक ऊप्स होऊन गेलाय, तो शोधा. 'एम' म्हणजे प्रोसेसरने हार्डवेअरची चूक नोंदवली आहे. 'बी' म्हणजे एखादं पेज वाईट अवस्थेत सापडलंय. 'ओ' म्हणजे बाहेरचं मॉड्यूल चढलेलं आहे.

आरआयपीची, म्हणजे कोणती सूचना चालू होती ते सांगणाऱ्या रजिस्टरची, ओळ. फंक्शनच्या नावापुढे दोन आकडे असतात: पहिला त्या फंक्शनमध्ये किती बाइट आत पडला, दुसरा फंक्शनची एकूण लांबी. कर्नलच्याच स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या 'फॅड्रटूलाइन'ला हे दिलं की सोर्समधली ओळ मिळते. अख्खा ट्रेस एकदम उलगडायचा असेल तर 'डीकोड_स्टॅकट्रेस' वापरा. ट्रेसमध्ये ज्या नावाआधी प्रश्नचिन्ह आहे ते नाव स्टॅकवर सापडलं एवढंच. त्यावर भरवसा ठेवू नका.

आणि रजिस्टरं. नवखी माणसं नेमकी हीच सोडून देतात. बिघडलेल्या पॉइंटरचा आकडा इथेच दिसतो, आणि तो आकडा कोणी लिहिला याचा सुगावाही बऱ्याचदा त्याच्यातच असतो.

३. आकड्यांचे चेहरे ओळखायला शिका

कर्नल काही ठिकाणी मुद्दाम ठरावीक खुणा पेरतो. या पाठ असतील तर अर्धं काम होतं.

- डेड०००००००००१०० आणि डेड०००००००००१२२: यादीतून काढलेल्या नोडच्या पॉइंटरांत कर्नल या किमती भरतो. त्या दिसल्या की कोणीतरी काढलेला नोड पुन्हा काढतोय, किंवा अजून त्याच्यावरून चालतोय.
- ६बी ६बी ६बी: मोकळी केलेली मेमरी. अशा ऑब्जेक्टचा शेवटचा बाइट ए५ असतो.
- ५ए ५ए ५ए: दिलेली, पण अजून कोणी काही न भरलेली मेमरी.
- बीबी आणि सीसी: ऑब्जेक्टच्या कडेचा रेड झोन, म्हणजे कोणी हात लावू नये असा पट्टा. ऑब्जेक्ट मोकळं असताना बीबी, वापरात असताना सीसी.
- ०८ ०० ४५ ००: हे कर्नलने पेरलेलं नाही. इथरनेटच्या हेडरचा शेवट आणि आयपी पॅकेटची सुरुवात असे दिसतात. तुमच्या स्ट्रक्चरच्या मधोमध हे दिसलं तर नेटवर्क कार्डाने तिथे पॅकेट उतरवलंय.
- वाचता येण्यासारखी अक्षरं: कोणाची तरी स्ट्रिंग बफरबाहेर सांडली आहे.

६बी, ५ए, बीबी, सीसी या खुणा पाचव्या पायरीतला पर्याय चालू केल्याशिवाय दिसत नाहीत. साध्या कर्नलमध्ये आकडा तुम्हालाच वाचावा लागतो. माझ्या पहिल्या डंपमधलाच नमुना दाखवते.

ऊप्स म्हणत होता: नॉन-कॅनॉनिकल पत्ता, एफएफ८८८१०६७८९ए००००. अर्थहीन वाटतो ना? पण त्या मशीनवर कर्नलच्या हीपमधले (गरजेप्रमाणे वाटल्या जाणाऱ्या मेमरीतले) पत्ते साधारण एफएफएफएफ८८८ असे सुरू होतात. इथे सुरुवातीचे दोन एफ गायब आहेत आणि शेवटी दोन शून्यं जास्त आहेत. खरा पॉइंटर असणार एफएफएफएफ८८८१०६७८९ए००, आणि तो एक बाइट सरकून वाचला गेलाय. ज्या पत्त्यावरून वाचायचं त्याच्या एक बाइट आधीपासून वाचलं की अगदी असंच होतं.

मग आरडीएक्स रजिस्टरमध्ये, जिथून हे वाचलं तो पत्ता बघितला: एफएफएफएफ८८८१०१२३४५बीएफ. शेवट बीएफ! हीपमधलं ऑब्जेक्ट किमान आठ बाइटांच्या सीमेवर सुरू होतं. पत्त्याचा शेवटचा अंक ० नाहीतर ८ असायला हवा. इथे सी० हवं होतं आणि बीएफ आलं, म्हणजे बरोबर एक कमी. पॉइंटर साठवलेल्या जागेला काउंटर समजून कोणीतरी त्यातून एक वजा केला होता.

हे सगळं पहिल्याच डंपमध्ये होतं. ते नीट वाचायला मला तीन आठवडे लागले.

४. डंप उघडा आणि शेजारपाजार बघा

क्रॅशमध्ये 'बीटी'ने ट्रेस, 'लॉग'ने कर्नलचे संदेश, 'आरडी'ने कच्ची मेमरी आणि 'डिस -एल'ने सोर्सच्या ओळींसह असेंब्ली दिसते. पण या कामात खरी चालते ती 'केमेम'. तिला पत्ता द्या, तो कुठल्या स्लॅबमध्ये (एकाच आकाराच्या ऑब्जेक्टांसाठी राखलेल्या मेमरीत), कुठल्या आकाराच्या ऑब्जेक्टमध्ये पडतो ते ती सांगते.

बीएफवाला पत्ता दिला तर तो ६४ बाइटांच्या एका ऑब्जेक्टचा अगदी शेवटचा बाइट निघाला. तिकडे बोट दाखवायचं कुठल्याच पॉइंटरला कारण नव्हतं. लगेच पुढच्या बाइटला दुसरं ऑब्जेक्ट सुरू होत होतं. एक वजा झाल्याचा संशय इथे पक्का झाला.

आता ज्या ऑब्जेक्टच्या आत हा बिघडलेला पॉइंटर साठवला होता, त्याचा पत्ता 'केमेम'ला दिला. उत्तर: केमॅलॉक-१९२ (१९२ बाइटांच्या ऑब्जेक्टांचा साठा, म्हणजे कॅश), आणि पॉइंटर सुरुवातीपासून २४ बाइटांवर. उरलेले दोन डंप उघडले. स्ट्रक्चर वेगळी, उपप्रणाली वेगळ्या, पण दोन्हीकडे केमॅलॉक-१९२ आणि दोन्हीकडे २४. ट्रेसमध्ये न सापडलेला सामाईक धागा हा होता.

म्हणून वहीत हे दोन आकडे प्रत्येक वेळी नोंदवा: बळी कोणत्या कॅशमधला, आणि घाव सुरुवातीपासून किती बाइटांवर. स्लब, म्हणजे कर्नलचा मेमरी वाटणारा भाग, नुकती मोकळी झालेली जागा सहसा लगेच पुढच्या मागणाऱ्याला देतो. त्यामुळे जुना मालक आणि नवा बळी एकाच कॅशमधले असतात आणि घावाची जागा जुन्या मालकाच्या स्ट्रक्चरवरून ठरते. एक सावधगिरी: सारख्या आकाराच्या वेगवेगळ्या कॅश कर्नल एकत्र करतो, म्हणून नावावरून मालक ठरवू नका. 'स्लॅब_नोमर्ज' देऊन बूट केलंत तर त्या वेगळ्या राहतात आणि संशयितांची यादी लहान होते.

एक सूचना, आणि ती गंभीरपणे घ्या. डंपमध्ये त्या क्षणीची मेमरी असते. पासवर्ड, किल्ल्या, लोकांच्या फाइलींचे तुकडे, सगळं त्यात असू शकतं. मदत मागताना डंप कुठेही उघड्यावर टाकू नका. ट्रेस आणि लागतील तेवढ्याच ओळी द्या.

५. स्लब डीबग, आणि रॅमचा चकवा

आता बूट करताना हा पर्याय द्या: स्लब_डीबग=एफझेडपीयू,केमॅलॉक-१९२. नव्या कर्नलांत त्याला स्लॅब_डीबग म्हणतात. एफ म्हणजे सुसंगतीची तपासणी, झेड म्हणजे रेड झोन, पी म्हणजे मोकळ्या मेमरीत ६बी भरणं, यू म्हणजे कोणी घेतली आणि कोणी सोडली याची नोंद. स्वल्पविरामापुढे कॅशचं नाव दिलं की मशीन फारसं मंदावत नाही. चौथ्या पायरीत नाव कळलं असेल तर ते इथे कामी येतं.

दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये आलं: केमॅलॉक-१९२, पॉइझन ओव्हररिटन, पहिला बाइट ६बीऐवजी ६ए. खाली ऑब्जेक्टचे बाइट सोळा-सोळाच्या ओळींत छापलेले होते. सगळीकडे ६बी, आणि दुसऱ्या ओळीत नवव्या जागी ६ए. सोळा अधिक आठ, चोवीस. तीच जागा.

इथे मी आणि माझा सहकारी चकलो. ६बी आणि ६ए यांच्यात फक्त एका बिटाचा फरक आहे. एक बिट उलटा, म्हणजे रॅम खराब, असं आम्ही ठरवलं आणि रॅम बदलली. आठवडा गेला आणि बग तसाच परत आला.

एक बिट उलटलेला दिसला तर रॅमचा संशय घेणं योग्यच आहे. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा, ईसीसी (स्वतःच्या चुका ओळखणारी) मेमरी असेल तर हार्डवेअर-चुकांच्या नोंदी बघा. पण निकाल देण्याआधी हे तीन प्रश्न विचारा.

घाव एकाच भौतिक पत्त्यावर पुन्हा पुन्हा होतो का? खराब चिप आपली जागा सोडत नाही. आमचा घाव दर वेळी वेगळ्या पेजवर होता, मात्र ऑब्जेक्टच्या आत नेहमी चोवीसवर. रॅमच्या चिपला ऑब्जेक्ट कुठे सुरू होतं हे कळत नाही.

दुसऱ्या मशीनवर येतो का? आमच्याकडे आला. हे आधी करून बघितलं असतं तर रॅम बदललीच नसती.

आणि जुने नमुने काय सांगतात? सी० चं बीएफ व्हायला एकदम सात बिट बदलावे लागतात, एक वजा मात्र एकदाच करावा लागतो. ६बीचं ६ए हेही एक वजा केल्यावरच होतं. दोन्ही नमुन्यांना लागू पडणारं एकच उत्तर आहे: मोकळ्या झालेल्या मेमरीतला कुठला तरी काउंटर कोणीतरी कमी करतोय.

स्लब डीबगच्या अहवालातला ट्रेसही गुन्हेगाराचा नसतो. ६बी शाबूत आहेत का, हे मुख्यतः ती जागा पुन्हा कोणी मागते तेव्हा तपासलं जातं; म्हणून ट्रेस त्या नव्या मागणाऱ्याचा असतो. तो सोडा आणि खालच्या 'अलोकेटेड इन' आणि 'फ्रीड इन' या नोंदी वाचा. तिथे आम्हाला पहिल्यांदा त्या ड्रायव्हरचं नाव दिसलं: डिव्हाइस काढताना चालणाऱ्या त्याच्या फंक्शनने ही मेमरी सोडली होती.

मग पाहोलला त्या स्ट्रक्चरचं नाव दिलं. तो प्रत्येक फील्ड कितव्या बाइटला आहे आणि किती लांब आहे ते छापतो. २४ वर होता चार बाइटांचा एक काउंटर, अपुऱ्या राहिलेल्या कामांचा. तो कमी करणाऱ्या ओळी अख्ख्या ड्रायव्हरमध्ये तीनच होत्या.

६. कासानला लिहिणाऱ्याला पकडू द्या

संशयित तीन ओळींवर आले, तरी लिहितानाच पकडणारं साधन हवं. ते म्हणजे कासान, २०१५ च्या ४.० कर्नलपासून मुख्य कर्नलमध्ये असलेलं. कंपायलर प्रत्येक वाचण्या-लिहिण्याआधी एक तपासणी घालतो. दर आठ बाइटांमागे एक सावलीचा बाइट असतो आणि त्या आठांपैकी किती वापरायला मुभा आहे ते त्यात लिहिलेलं असतं. यात मेमरीचा आठवा हिस्सा जातो आणि वेग चांगलाच घटतो, म्हणून हे चाचणीच्या मशीनवरच चालवा.

अहवालात तीन ट्रेस असतात: आत्ता चुकीचा हात लावला तो, मेमरी घेतली तो आणि सोडली तो. पहिला ट्रेस इथे खरोखर गुन्हेगाराचा असतो. खालच्या सावलीच्या तक्त्यात एफबी म्हणजे सोडलेली मेमरी आणि एफसी म्हणजे रेड झोन. ०३ दिसलं तर त्या आठांपैकी पहिले तीनच बाइट तुमचे. चौथ्याला हात लागला असेल तर बफर एका बाइटने कमी पडलाय. कासान मुळात पहिलाच अहवाल देऊन गप्प बसतं. पुढचेही हवे असतील तर 'कासान_मल्टी_शॉट' द्या, पण सुरुवात पहिल्यापासूनच करा.

काय सुटतं तेही माहीत हवं. एकाच स्ट्रक्चरच्या आत एका ॲरेमधून शेजारच्या फील्डमध्ये सांडलेलं कासानला दिसत नाही. रेड झोन ओलांडून थेट दुसऱ्या जिवंत ऑब्जेक्टवर पडलेला हातही दिसत नाही. आणि डिव्हाइसने स्वतः डीएमएने (प्रोसेसरला टाळून थेट मेमरीत) लिहिलेलं तर दिसणं शक्यच नाही, कारण त्या लिहिण्यात कंपायलरचा संबंधच नसतो.

७. बग मागाल तेव्हा येईल असं करा

कासान चालू केल्यावर आमचा बग पाच दिवस आलाच नाही. रेस, म्हणजे दोन कामांच्या क्रमावर अवलंबून असलेली चूक, वेग बदलला की लपते. तेव्हा बग गेला असं मानू नका, फट रुंद करा.

आम्ही दोन गोष्टी केल्या. ड्रायव्हर डिव्हाइसला जोडायचा आणि सोडायचा, हे सिसएफएसमधल्या (डिव्हाइसांसाठी कर्नल दाखवतो त्या फाइलींमधल्या) 'बाइंड' आणि 'अनबाइंड' या फाइलींतून सतत करत राहणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. आणि संशयित तीन ओळींपैकी एकीच्या आधी काही मिलिसेकंदांचा 'एमडिले' (न झोपता वाट बघणं) घातला. ती ओळ टायमरच्या फंक्शनमध्ये होती. असं फंक्शन सॉफ्टआयआरक्यूमध्ये (इंटरप्टनंतरच्या घाईच्या कामांत) चालतं, तिथे झोपता येत नाही, म्हणून 'एमस्लीप' घालू नका. घातलात तर नवाच बग तयार होईल.

चाळीस सेकंदांत अहवाल आला. टायमरचं फंक्शन एका प्रोसेसरवर चालू असतानाच दुसऱ्या प्रोसेसरवर डिव्हाइस काढलं जात होतं. काढणारा कोड 'डेल_टायमर' बोलावून लगेच मेमरी सोडत होता. 'डेल_टायमर' रांगेत असलेला टायमर काढतो, पण आधीच चालू झालेलं फंक्शन संपायची वाट बघत नाही. ते फंक्शन आपलं काम उरकून शेवटच्या ओळीत काउंटर एकने कमी करत होतं, आणि तोवर ती जागा दुसऱ्याची झालेली होती.

मशीन प्रत्यक्ष वापरात असेल आणि कासान चालवणं शक्य नसेल तर केफेन्स बघा. ते २०२१ मध्ये, ५.१२ कर्नलमध्ये आलं. ते मधूनमधून एखादंच ऑब्जेक्ट पहाऱ्याच्या पेजांमध्ये ठेवतं. मुळात २५५ ऑब्जेक्ट आणि सुमारे २ एमबी मेमरी, म्हणून भार नगण्य. एका मशीनवर बग सापडायला महिने लागतील. शेकडो मशीनं असतील तर लवकर सापडतो.

८. सॉफ्टवेअर निर्दोष दिसत असेल तर

घावाची जागा आधीच माहीत असेल तर हार्डवेअर वॉचपॉइंट, म्हणजे त्या पत्त्यावर लिहिताच थांबवणारा पहारा, लावा. एक्स८६मध्ये ते चारच मिळतात आणि प्रत्येकी जास्तीत जास्त आठ बाइटांवर नजर ठेवतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये क्यूईएमयू आणि जीडीबी जोडून हे सगळ्यात सोपं जातं. केएएसएलआर (कर्नलचे पत्ते विस्कटणारी सोय) बंद करायला 'नोकेएएसएलआर' द्या, नाहीतर पत्ते दर बूटला हलतात.

वॉचपॉइंटही गप्प आणि कासानही गप्प, तरी मेमरी बिघडते आहे, असं असेल तर डीएमएवर या. आयओएमएमयू (डिव्हाइसांच्या मेमरीवरच्या हातावर पहारा ठेवणारं हार्डवेअर) चालू करा: डिव्हाइसने परवानगीबाहेर लिहिलं की फॉल्ट नोंदवला जाईल आणि त्यात डिव्हाइसचा क्रमांकही असेल. सोबत डीएमए एपीआय डीबग हा कॉन्फिग पर्याय घ्या. मॅपच नसलेले बफर अनमॅप करणं आणि चुकीच्या लांबी त्यातून बाहेर येतात.

९. बायसेक्ट करताना

आधीच्या आवृत्तीत बग नव्हता याची खात्री असेल तर गिट बायसेक्ट (कमिटांची यादी दर वेळी अर्धी करत चूक आणणारा कमिट शोधणं) करा. हजार कमिटांसाठी साधारण दहा पायऱ्या पुरतात. पण बग कधीतरीच येणारा असेल तर 'चांगला' हा शिक्का फार सांभाळून मारा. सरासरी तीन तासांनी येणारा बग नऊ तास न येण्याची शक्यताही सुमारे ५ टक्के आहे. एक शिक्का चुकला की पुढचं सगळं भलत्या दिशेला जातं.

शिवाय बायसेक्ट बऱ्याचदा निरपराध कमिटवर बोट ठेवतो. कोणीतरी एका स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड वाढवतं, त्याचा आकार १९२च्या गटात जातो आणि वर्षानुवर्षं कोणाला न दिसलेला घाव आता महत्त्वाच्या ऑब्जेक्टवर पडू लागतो. कमिट सापडला तरी त्यातला नेमका बदल मेमरी कशी बिघडवतो हे शब्दांत मांडता आलं पाहिजे. मांडता येत नसेल तर शोध चालू ठेवा.

१०. दुरुस्ती आणि खात्री

आमची दुरुस्ती दोन ओळींची होती, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी टायमर पुन्हा लावणारा इंटरप्ट बंद करायचा, मग टायमर थांबवायचा, मग मेमरी सोडायची. थांबवायला 'डेल_टायमर_सिंक' वापरा, नव्या कर्नलांत 'टायमर_डिलीट_सिंक'. तो चालू फंक्शन संपेपर्यंत थांबतो. दुसरा कुठला कोड टायमर पुन्हा लावण्याची शक्यता उरत असेल तर 'टायमर_शटडाउन_सिंक' हवा. टायमरचं फंक्शन जो लॉक घेतं तोच लॉक हातात धरून यातलं काहीही बोलावू नका. दोघं एकमेकांची वाट बघत अडकतील. लॉकडेप (लॉक घेण्याचा क्रम तपासणारं साधन) चालू ठेवून चाचणी केलीत तर हे लगेच कळतं.

कोसळणाऱ्या फंक्शनमध्ये 'पॉइंटर ठीक आहे का' अशी तपासणी घालून मोकळं होण्याचा मोह होईल. आमच्याकडेही कोणीतरी तसा पॅच सुचवला होता. तो घेतला असता तर तो एक ट्रेस थांबला असता आणि उरलेल्या दोन ठिकाणी लोकांच्या फाइली बिघडत राहिल्या असत्या.

खात्री करताना 'एमडिले' तसाच ठेवा आणि तीच स्क्रिप्ट चालवा. दुरुस्तीशिवाय चाळीस सेकंदांत बग यायला हवा, दुरुस्तीसह रात्रभर येता कामा नये. दोन्ही करून बघा. मग 'एमडिले' काढून, कासान आणि स्लब डीबग दोन्ही चालू ठेवून आणखी काही दिवस.

पॅच पाठवताना वर्णनात कासानच्या अहवालातले तिन्ही ट्रेस घाला, दोन प्रोसेसरांवर काय कशाच्या आधी घडतं ते दोन स्तंभांत मांडा, आणि 'फिक्सेस' ओळीत चूक आणणाऱ्या कमिटचे पहिले बारा अंक द्या. जुन्या आवृत्त्यांतही बग असेल तर स्टेबल शाखेची ओळ जोडा. सोडलेल्या मेमरीत लिहिणं साध्या वापरकर्त्यालाही घडवून आणता येत असेल तर ते सुरक्षेचं भगदाड आहे. मग पॅच उघडपणे पाठवण्याआधी कर्नलच्या सुरक्षा पथकाला खाजगीत कळवा.

आमच्या पॅचवर देखभाल करणाऱ्याने एकच प्रश्न विचारला: हेच स्ट्रक्चर सोडणारी दुसरी वाट आहे का? होती. जोडणी अर्ध्यावर फसली तर साफसफाई करणाऱ्या वाटेवरही तोच 'डेल_टायमर' होता. तुमच्या ड्रायव्हरमध्येही ती वाट आताच उघडून बघा.